वसंतसेना कुणाची?

आपल्या वार्षिक अंकात मधल्या जाहिरातींपर्यंत मराठी विभाग असतो आणि जाहिराती संपल्या की कन्नड विभाग सुरू होतो. याच महाविद्यालयात विद्यार्थी होतो तेव्हापासून, आणि पुढे इथेच शिकवू लागल्यापासूनही, मी हा अंक नेमाने वाचत आलो आहे आणि जाहिराती आल्या की नेमाने मिटवत आलो आहे. कन्नड लिपी मला येते. बसच्या पाट्या आणि दुकानांची नावे अडखळत का होईना मी वाचतो. तरीही त्या पानांकडे कधी वळलो नाही. चित्रपटांवरील पुस्तकांविषयी चार शब्द लिहायला बसलो असताना ही कबुली आधीच का देतो आहे, ते वाचकांच्या पुढे लक्षात येईल.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी उज्जैनला मावशीकडे गेलो होतो. ही माझ्या आईची मावसबहीण. शिंदेशाहीत माळव्यात गेलेल्या आणि तिथेच रुजलेल्या मराठी घराण्यांपैकी तिचे घर. वय ऐंशीच्या घरात. तिची मराठी ऐकायला मोठी गोड. क्रियापदे मराठी आणि मधले निम्मे शब्द हिंदी. गाडीत वाचायला म्हणून मी मराठी चित्रपटाच्या इतिहासावरचे एक जाडजूड पुस्तक नेले होते. ते टेबलावर पडलेले पाहून मावशीने चष्मा लावला आणि चित्रे पाहत पाने उलटू लागली.

"आमची वनमाला कुठेय रे यात?"

वनमाला होती. 'श्यामची आई'मधले छायाचित्र होते, खाली १९५३ हे साल होते, राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाल्याचा उल्लेख होता. मावशीने सगळे वाचून घेतले आणि विचारले, "आणि ही उज्जैनची, ते कुठे लिहिलंय?"

ते लिहिलेले नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही ते ठाऊक नव्हते. वनमाला म्हणजे पूर्वाश्रमीच्या सुशीला पवार. जन्म उज्जैनचा, १९१५ सालचा. घराणे ग्वाल्हेर संस्थानातले प्रतिष्ठित. पुण्यात शिक्षिकेचे काम करीत असताना आचार्य अत्र्यांचा परिचय झाला आणि त्यातून त्या चित्रपटात आल्या. १९४१ साली सोहराब मोदींच्या 'सिकंदर'मध्ये रुखसानाच्या भूमिकेने त्यांचे नाव हिंदुस्थानभर झाले. २००७ साली ग्वाल्हेरला त्यांचे निधन झाले. मावशीने 'श्यामची आई' पाहिला तो आठ वर्षांची असताना. "सगळ्या बाया रडत होत्या, आणि मी त्यांच्याकडे बघत होते," असे ती म्हणाली. मी हसलो. कोणत्या टॉकीजमध्ये, कुणाबरोबर, हे काही विचारले नाही.

त्या संध्याकाळी क्षिप्रेच्या घाटावर बसलो असताना मात्र दुसरीच गोष्ट मनात घोळू लागली. १९४२ साली अत्र्यांच्या संस्थेने 'वसंतसेना' काढला, दिग्दर्शक गजानन जागीरदार, आणि वसंतसेनेच्या भूमिकेत वनमाला. वसंतसेना म्हणजे शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तली गणिका, आणि 'मृच्छकटिका'चे गाव म्हणजे हीच उज्जयिनी. दरिद्री झालेला चारुदत्त, त्याच्या मुलाची मातीची गाडी, ती गाडी आपल्या दागिन्यांनी भरून देणारी वसंतसेना, भिंतीला देखणे भोक पाडणारा शर्विलक, राजाचा मेहुणा शकार, हे सगळे याच गल्ल्यांतले. देवलांच्या नाटकामुळे ही मंडळी मराठी माणसाच्या घरातलीच झाली. म्हणजे उज्जयिनीच्या वसंतसेनेचे काम उज्जैनमध्ये जन्मलेल्या एका मराठी मुलीने केले, आणि या योगायोगाची नोंद मला माझ्या जाडजूड पुस्तकात सापडली नाही.

घरी परतल्यावर मी आणखी शोध घेतला आणि चकित झालो. अत्र्यांच्या 'वसंतसेने'च्या आदल्याच वर्षी, १९४१ साली, कन्नडमध्ये 'वसंतसेना' निघाला होता. दिग्दर्शक रामय्यर शिरूर, आणि त्यात सुब्बय्या नायडू व आर. नागेंद्रराव. त्याही आधी, मूकपटांच्या अखेरच्या दिवसांत, मोहन भवनानी यांनी 'मृच्छकटिक' काढला होता. त्यात मंगळूरच्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी काम केले होते. पुढे १९८४ साली गिरीश कर्नाडांनी याच कथेवर हिंदीत 'उत्सव' केला. शशी कपूर त्याचे निर्माते आणि रेखा त्यातली वसंतसेना. कर्नाड म्हणजे माथेरानला जन्मलेले, घरी कोकणी बोलणारे आणि नाटके कन्नडमध्ये लिहिणारे गृहस्थ. एक उज्जयिनी, एक गणिका, आणि तिच्याभोवती साधारण पन्नास-पंचावन्न वर्षांत मूकपट, कन्नड, मराठी आणि हिंदी असे चार चित्रपट. यावर एखादे सुरेख प्रकरण लिहिता आले असते. पण मराठी पुस्तकात मराठी वसंतसेना आणि कन्नड पुस्तकात कन्नड वसंतसेना, अशी वाटणी होऊन गेली आहे.

भवनानींच्या त्या मूकपटाला कन्नडमधला पहिला मूकपट म्हणण्याची पद्धत आहे. आपणही फाळक्यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्रा'ला मराठी म्हणण्यासाठी भांडतोच. पण जो चित्रपट बोलतच नाही त्याची मातृभाषा कोणती, हा प्रश्न दोन्हीकडच्या लेखकांना फारसा पडलेला दिसत नाही.

मला मराठीतल्या चित्रपटविषयक पुस्तकांची निंदा करायची नाही. या बाबतीत आपली भाषा श्रीमंत आहे. हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका', दुर्गाबाई खोट्यांचे 'मी, दुर्गा खोटे', शांतारामबापूंचे 'शांतारामा' ही आत्मचरित्रे म्हणजे नुसत्या नटनट्यांच्या आठवणी नव्हेत. पडद्यावर मिळवणाऱ्या बाईच्या कमाईवर घर कसे चालते आणि तेच घर तिला कसे वागवते, हे हंसाबाईंनी जेवढे निर्भीडपणे सांगितले तेवढे कोणत्याही समाजशास्त्राच्या ग्रंथाने सांगितले नसेल. अरुण खोपकरांनी गुरुदत्तवर पुस्तक लिहून चित्रपट गंभीरपणे कसा 'वाचावा' याचा धडा घालून दिला. शिवाय पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली. तोपर्यंत कितीतरी चित्रपट जळून, कुजून गेले होते. पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ चा. त्याची एकही प्रत आज उरलेली नाही. जिथे चित्रपट नाहीसा झाला तिथे त्याच्याविषयी लिहिलेले तेवढेच शिल्लक राहते. म्हणूनच पुस्तकांकडून माझी अपेक्षा मोठी आहे.

माझा आक्षेप एवढाच, की आपल्या बहुतेक चित्रपट-इतिहासांनी १९५६ आणि १९६० साली आखलेल्या राज्यांच्या सीमा मागे नेऊन १९३४ आणि १९४२ वर ठेवल्या आहेत. (सीमेच्या वादात मला शिरायचे नाही; त्यासाठी दुसरी व्यासपीठे आहेत.) त्या वेळी महाराष्ट्र राज्यही नव्हते आणि कर्नाटक राज्यही नव्हते. उज्जैन ग्वाल्हेर संस्थानात, कोल्हापूर स्वतःच्या संस्थानात, बेळगाव मुंबई इलाख्यात आणि म्हैसूर वेगळेच. चित्रपटवाले जिथे स्टुडिओ असेल तिथे जात. १९३४ सालचा कन्नडमधला पहिला बोलपट 'सती सुलोचना' तयार झाला कोल्हापुरात! ज्या गावी दोनच वर्षांपूर्वी 'प्रभात'ने 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट केला, त्याच गावी. आणि 'सती सुलोचना'तले सुब्बय्या नायडू व नागेंद्रराव तेच, जे पुढे कन्नड 'वसंतसेने'त आले. दोन भाषांच्या बोलपटांचे बारसे एकाच गावात झाले, ही गोष्ट आपल्या वर्गात किती जणांना ठाऊक आहे? मी एकदा विचारून पाहिले. एकही हात वर झाला नाही. मी स्वतः विद्यार्थी असतो तर माझाही झाला नसता.

यावर कुणी म्हणेल की भाषावार इतिहास लिहिणे सोयीचे असते. लेखकाला जी भाषा येते तिच्याबद्दलच तो लिहिणार. हे मान्य. पण सोयीलाही पर्याय असतो. आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलेमन यांनी १९९४ साली भारतीय चित्रपटांचा इंग्रजी कोश सिद्ध केला. त्यात चित्रपट भाषेप्रमाणे नव्हे तर सालाप्रमाणे लावले आहेत. एवढ्या साध्या बदलाने सगळ्या भाषांचे चित्रपट शेजारी शेजारी येऊन बसतात आणि वाचणाऱ्याला त्यांचे नाते दिसू लागते.

दुसरी उणीव मला याहून मोठी वाटते. आपल्या पुस्तकांत निर्माता असतो, दिग्दर्शक असतो, तारका तर असतेच असते. नसतो तो प्रेक्षक. गंमत अशी की इंग्रज सरकारला तो दिसला होता. १९२७-२८ साली रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने देशभर हिंडून सुमारे साडेतीनशे साक्षी नोंदवल्या. सरकारचा हेतू सेन्सॉरचा आणि साम्राज्यातल्या चित्रपटांच्या धंद्याचा होता. तरी थिएटरात कोण येते, त्यांना काय आवडते, असले प्रश्न त्या समितीने विचारले, म्हणून आज त्यांची उत्तरे वाचायला मिळतात. आपण मात्र आपल्याच माणसांना ते विचारले नाहीत. आपल्या गावात अशी घरे आहेत की जिथे दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' आणि राजकुमारांचा 'बंगारद मनुष्य' हे दोन्ही चित्रपट वर्षभराच्या अंतराने एकाच माणसाने पाहिले आणि दोन्ही वेळा घरी येऊन शेजाऱ्यांना गोष्ट सांगितली. या माणसाला कोणत्या इतिहासात जागा आहे? मराठी पुस्तकात तो अर्धा बसेल, कन्नड पुस्तकात अर्धा.

हा लेख लिहायचे ठरल्यावर मी उज्जैनला फोन केला. मावशीने 'श्यामची आई' कोणत्या टॉकीजमध्ये पाहिला, बायकांची बसायची जागा वेगळी होती का, तिकीट किती होते, असे सात-आठ प्रश्न कागदावर लिहून ठेवले होते. फोन मावसभावाने घेतला. पौषात तिला अर्धांगाचा झटका आला. आता ती सगळ्यांना ओळखते, पण तिला बोलता येत नाही. तो कागद माझ्या टेबलाच्या खणात तसाच आहे.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत, आणि त्या दोन्ही विभागांच्या संपादकांना उद्देशून आहेत. पहिली अशी, की आपल्या ग्रंथालयात चित्रपटावरची मराठी, कन्नड आणि इंग्रजी पुस्तके तीन वेगवेगळ्या कपाटांत आहेत, ती एका फळीवर आणावीत. कर्नाडांचे कन्नड आत्मचरित्र आणि त्याचा उमा कुलकर्णी यांनी केलेला मराठी अनुवाद हे शेजारी शेजारी उभे राहिले तर एखादा विद्यार्थी कधीतरी दोन्ही हातांत घेऊन पाहील. खर्च काहीच नाही. ग्रंथपालांची एक दुपार लागेल.

दुसरी सूचना विद्यार्थ्यांसाठी. पुढच्या अंकात मधल्या जाहिरातींच्या जागी आठ पाने दोन्ही विभागांनी मिळून काढावीत. प्रत्येकाने आपल्या घरातल्या, गल्लीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाला विचारावे: पहिला चित्रपट कोणता, कोणत्या थिएटरात, कुणाबरोबर, कोणत्या भाषेतला, आणि ती भाषा त्यांना तेव्हा कळत होती का. उत्तर जसेच्या तसे लिहावे, त्याला अलंकार चढवू नयेत. यातून मोठा ग्रंथ होणार नाही. पण उद्या ज्याला तो लिहायचा असेल त्याला निदान सामग्री मिळेल.

मावशीचे टॉकीज कोणते होते, हे आता तिच्या तोंडून मला कळणार नाही. तुमच्या घरची माणसे अजून बोलताहेत. या सुटीत त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून आणा. मराठीत आणा, कन्नडमध्ये आणा. कन्नड वाचायला मला वेळ लागेल. पण या खेपेला मी जाहिरातींपाशी अंक मिटणार नाही.