निदान आणि निवाडा

"गेम खेळतोस ना? मग होणारच." खेळ ऐन रंगात आला की लॅपटॉप गोठतो, कधी स्वतःहून बंदच पडतो, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मुलाला हे वाक्य घरी ऐकावे लागते, दुरुस्तीच्या दुकानात ऐकावे लागते आणि, व्यवसायबंधूंची क्षमा मागून सांगतो, महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्येही ऐकावे लागते. वाक्य छोटे आहे, अधिकारवाणीने उच्चारलेले आहे आणि साफ चुकीचे आहे. विचारले होते निदान; देण्यात आला निवाडा.

यंत्राला नीती-अनीती कळत नाही, त्याला भार कळतो. खेळ चालू असताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप या दोहोंना एकाच वेळी कसून काम करावे लागते, आणि बहुतेक लॅपटॉपांत दोघांची उष्णता तांब्याच्या सामाईक नळ्यांमधून इवल्याशा पंख्यांपर्यंत जाते. निबंध टंकताना किंवा चित्रपट पाहताना हा प्रसंग येत नाही. पण व्हिडिओचे संपादन करताना येतो, इमारतीचा त्रिमितीय आराखडा रेंडर करताना येतो. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपने परीक्षेच्या आदल्या रात्री मान टाकली, तर "आराखडे काढतोस ना, मग होणारच" असे त्याला कोणी म्हणेल काय? तिथे सारे घर यंत्राला दोष देईल. भार तोच, बिघाडही तोच. फक्त आरोपी बदलला. खेळाने बिघाड निर्माण केलेला नसतो, बहुधा आधीपासून दडलेला बिघाड चव्हाट्यावर आणलेला असतो.

हे मी खेळणाऱ्यांची वकिली म्हणून लिहीत नाही. इतिहास पाहावा. जुलै २००८ मध्ये एन्व्हिडिया कंपनीने जाहीर केले की, लॅपटॉपांत बसवलेल्या तिच्या काही ग्राफिक्स चिपा आवेष्टनाच्या कमकुवत साहित्यामुळे नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात निकामी होत आहेत. दुरुस्ती आणि बदलीच्या खर्चासाठी तिने १५ ते २० कोटी डॉलरांची तरतूद केली. अलीकडचे उदाहरण २०२४ मधले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर खेळ धडाधड बंद पडत आणि पडद्यावर संदेश येई की ग्राफिक्सची मेमरी अपुरी आहे. मेमरी पुरेशी होती. दोष निघाला प्रोसेसरला मिळणाऱ्या अवाजवी व्होल्टेजमध्ये. कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये सुधारित मायक्रोकोड दिला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. हे प्रोसेसर लॅपटॉपांतले नव्हते, हे खरे. पण तक्रार घेऊन आधी उभे राहिलेले लोक बव्हंशी खेळणारेच होते, आणि त्यांची तक्रार खरी होती.

आता भाषेकडे वळतो, कारण माझा व्यवसाय तो आहे. आपल्याकडे सगळ्या बिघाडांना एकच शब्द: 'हँग'. चित्र थिजले पण पार्श्वसंगीत चालू राहिले, हेही हँग. आवाजाचा एक तुकडा घरघरत अडकला, हेही हँग. खेळ मिटून मुकाट डेस्कटॉप समोर आला, निळा पडदा आला (विंडोज ११ ने २०२५ मध्ये तो काळा केला, सुतकच म्हणायचे), किंवा वीज गेल्यासारखे सारे क्षणात अंधारले, तरी हँगच. वास्तविक ही वेगवेगळी लक्षणे वेगवेगळ्या दिशांना बोट दाखवतात. क्षणात अंधार झाला तर संशय प्रथम उष्णतेवर आणि वीजपुरवठ्यावर जातो. केवळ खेळ मिटला आणि बाकी यंत्र जिवंत राहिले, तर त्या खेळाच्या फाइली, ड्रायव्हर किंवा मेमरी तपासावी. पडदा काही क्षण काळा होऊन परत आला, तर बहुधा ग्राफिक्स चिपने उत्तर दिलेले नसते. विंडोज सामान्यतः दोन सेकंद वाट पाहते आणि मग ड्रायव्हर नव्याने सुरू करते. ज्याला लक्षण सांगता येत नाही त्याच्यावर उपचार ठोकून दिला जातो.

आपल्या परंपरेत यासाठी शब्द नाहीत असे कोणी म्हणू नये. ज्या नाशकात आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, तिथे आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला निदानपंचक मुखोद्गत असते: हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय, संप्राप्ती. माधवकराचे 'माधवनिदान' याच शिस्तीवर उभे आहे. लॅपटॉपला ते चपखल बसते. पंख्याचा आवाज चढणे, चित्र अडखळू लागणे हे पूर्वरूप. प्रत्यक्ष काय घडले ते रूप. उपशय मला सर्वांत मोलाचा वाटतो: व्याधी संदिग्ध असेल तेव्हा एखादा उपचार करून पाहायचा आणि त्याने बरे वाटते की बिघडते यावरून व्याधी ओळखायची. खेळाच्या फ्रेमचा वेग साठावर किंवा तिसावर बांधून पाहावा. एरवी वीस मिनिटांत बंद पडणारा लॅपटॉप त्यामुळे दोन तास चालला, तर उष्णतेचा किंवा विजेचा संशय बळावतो. मूळ ॲडॉप्टर हरवून कमी वॅटचा आणला असेल, तर योग्य वॅटचा लावून पाहावा. विंडोजमध्येच असलेली मेमरीची चाचणी रात्री लावून ठेवावी. मात्र एका वेळी एकच बदल! चार बदल एकदम केले तर गुण कशाने आला हे कळत नाही, आणि संप्राप्ती, म्हणजे बिघाड कसकसा वाढत गेला, ती तर कधीच कळत नाही.

याउलट आपला सार्वत्रिक उपाय म्हणजे फॉरमॅट. "फॉरमॅट मारून बघू." 'मारणे' हे क्रियापद इथे किती समर्पक आहे! विंडोज आपल्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रत्येक पडझडीची नोंद ठेवत असते. फॉरमॅटने पहिली हत्या होते ती या पुराव्याची. नोंद वाचणारेही पुष्कळदा 'कर्नल-पॉवर ४१' या ओळीशी थांबतात आणि कारण सापडले असे मानतात. ती ओळ एवढेच सांगते की यंत्र रीतसर बंद न होता बंद पडले. मृत्यूचे कारण म्हणून 'हृदयक्रिया बंद पडली' असे लिहावे, तशातलाच हा प्रकार. फॉरमॅटने कधी गुण येतो, हे नाकारत नाही, कारण बिघडलेला ड्रायव्हर त्यात पुसला जातो. पण पंख्याच्या जाळीवर नमद्यासारखा बसलेला धुळीचा थर कुठल्याही फॉरमॅटने पुसला जात नाही.

धुळीविषयी नाशिककरांना काय सांगावे! २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरले गेले, त्या धुळीचा वाटा घरोघरी पोचला. त्यात आपले हवामान. डिसेंबरात गारठणारे हे शहर एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकते. खोलीच्या हवेत वीस अंशांची वाढ झाली की यंत्राच्या आतले तापमान जवळपास तेवढेच वर सरकते, आणि अनेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. ती जवळ आली की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो. तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद होते. म्हणून हिवाळ्यात निर्धास्त चालणारा लॅपटॉप उन्हाळ्यात कोसळत असेल, तर ऋतू हाच मोठा पुरावा. गादीवर ठेवून खेळल्यास खालची झरोके बुजतात, ते वेगळेच.

"पण लॅपटॉप अभ्यासासाठी घेतला होता ना?" असा प्रश्न येणार, तो येऊ द्यावा. द्राक्षाच्या किंवा कांद्याच्या पैशातून, नाहीतर हप्त्यावर घेतलेले यंत्र मुलगा रात्रभर खेळण्यात घालवत असेल, तर पालकांनी अवश्य रागवावे. पण ते पालकत्व झाले, दुरुस्ती नव्हे. धुळीने कोंडलेला पंखा मुलाने खेळ सोडल्याने मोकळा होत नाही. तो लॅपटॉप उद्या प्रकल्प-अहवाल करतानाही दगा देईल. शिवाय २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन आणि गेमिंग उद्योगासाठी धोरण मंजूर केले. ज्या धंद्याला शासन निमंत्रण देते त्याची अवजारे घरात मात्र गुन्ह्याचा मुद्देमाल ठरतात, ही आपली सुसंगती.

दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांविषयी मला आदर आहे. वाळलेली थर्मल पेस्ट खरवडून नवी लावणे, पंखा फिरू न देता जाळीतली धूळ फुंकून काढणे, ही नाजूक हाताची कामे आहेत आणि ती उत्तम करणारे लोक या शहरात आहेत. त्यांचे ज्ञान मात्र हातात राहते, कागदावर उतरत नाही. बिलावर 'सर्व्हिसिंग' एवढाच शब्द, पुढे आकडा. काय सापडले, काय बदलले, भाराखाली तापमान आधी किती होते आणि नंतर किती, एवढ्या तीन ओळी मराठीत लिहून द्यायला पाच मिनिटे पुरतात. आमच्या विद्यार्थ्यांनी त्या मागाव्यात; न मिळाल्यास पैसे देण्यापूर्वी पुन्हा मागाव्यात.