पोचा पडला म्हणून काय झालं?

"पूर्वीसारखा पत्रा राहिला नाही हो!" हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल, याची गणतीच नाही. लोखंडी कपाट घ्यायला गेलं की हे वाक्य, धान्याची कोठी घेतली की हे वाक्य, डबे घेतले की हेच. हल्ली ते गाड्यांबद्दल ऐकू येतं, आणि त्यातही सगळ्यात जास्त अमेरिकेतल्या पिकअप ट्रकांबद्दल.

माझी लेक टेक्सासमध्ये असते. दोन-तीन वर्षांनी एकदा माझी तिकडे फेरी होते आणि चांगला चार-पाच महिने मुक्काम पडतो. जावयांकडे पिकअप आहे. सुपरमार्केटच्या आवारात कोणाची तरी सामानाची ढकलगाडी वाऱ्यानं सरकत आली आणि दाराला टेकली. टेकली म्हणजे खरोखर टेकलीच, आपटली नाही. तरी दाराला वाटीएवढा पोचा! जावई हळहळले. इकडे फोनवर माझ्या मोठ्या दिरांना सांगितलं, तर त्यांनी लगेच वरचं वाक्य म्हटलं, आणि पुढे "आमच्या वेळच्या जीपला बैल धडकला तर बैल लंगडायचा" हेही जोडलं.

कोणी म्हणेल, सत्तरी ओलांडलेल्या, जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईला गाडीच्या पत्र्यातलं काय कळतं? मंडळी, पोच्यांविषयी बायकांना कळत नाही तर कोणाला कळतं? जर्मनचं पातेलं, पितळेची पिंपं, तांब्याची घागर, स्टीलची ताटं, सगळ्यांचे पोचे आम्ही पाहिलेत. तेव्हा या विषयावर मला बोलायचंच आहे. जिथे शास्त्र आलं तिथे मी जावयांना विचारून घेतलंय, ते मेकॅनिकल इंजिनिअर आहेत.

ज्यांनी तिकडची पिकअप पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पुढे माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा, एवढीच मूळ कल्पना. फोर्डनं १९२५ साली मॉडेल टी गाडीला मागे हौदा लावून कारखान्यातूनच विकायला सुरुवात केली, किंमत २८१ डॉलर. शेतकऱ्यांची, सुतारांची, दूधवाल्यांची ती गाडी. आज तिला चार दारं आहेत, चामड्याच्या गाद्या आहेत, भिंतीवरच्या टीव्हीची आठवण यावी असा पडदा आहे. हौद्यात पुष्कळदा काहीच नसतं. तरीही फोर्डची एफ मालिका १९७७ पासून तिथला सगळ्यात जास्त खपणारा ट्रक आहे. म्हणजे हे प्रकरण काही थोड्याथोडक्या लोकांचं नाही.

आता पत्रा पातळ झाला हे खरं आहे का? खरं आहे. जुन्या गाड्यांचा बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास असे. आता तो बऱ्याच ठिकाणी पाऊण मिलिमीटरच्याही खाली आलाय. पण याला नुसती कंपन्यांची कंजुषी म्हणून चालणार नाही, त्यामागे इतिहास आहे. १९७३ साली अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १९७५ साली तिथल्या संसदेनं कायदा केला, की गाड्यांनी एका गॅलनमध्ये अमुक इतके मैल गेलंच पाहिजे. छोटे ट्रकही त्यात आले. वजन कमी केल्याशिवाय हे जमणार कसं? मग तोळामासा करत सगळीकडूनच वजन उतरवलं गेलं. २०२५ साली या नियमाचा दंडच शून्यावर आणला गेला. पण म्हणून उद्या पत्रा जाड होईल असं मला वाटत नाही. वाचलेल्या वजनात जास्त माल वाहता येतो, आणि कमी पत्र्यात पैसेही वाचतात. मिळालेली सवलत कोण परत करतं?

२०१५ च्या मॉडेलपासून फोर्डनं तर एफ-१५० ची सगळी बॉडी अ‍ॅल्युमिनियमची केली. सातशे पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे तीनशे किलो वजन उतरवलं. दिरांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे जर्मनचं पातेलं!" अगदी तसं नाही. ते मिश्रधातूचं असतं, आपल्या हिंदालियमच्या कढईसारखं म्हणा फार तर. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या मानानं एक तृतीयांश वजनाचं, पण ताठपणाही एक तृतीयांशच. म्हणून पत्रा थोडा जाड घेतात आणि तरीही गाडी हलकी राहते.

यावर २०१६ साली शेव्हरोलेनं गमतीची जाहिरात केली. दोन्ही गाड्यांच्या हौद्यांत उंचावरून बागेचे दगडी ठोकळे ओतले. फोर्डच्या अ‍ॅल्युमिनियमच्या हौद्याला भोकं पडली, यांच्या पोलादी हौद्याला नुसते पोचे आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि २०१९ च्या मॉडेलमध्ये याच शेव्हरोलेनं आपल्या पिकअपची दारं, बॉनेट आणि मागचा फाळका अ‍ॅल्युमिनियमचा केला! हौदा तेवढा पोलादी ठेवला. शाळेत दुसऱ्याच्या अक्षराला हसणारी मुलं असतात, त्यांची आठवण झाली.

जावयांनी मला एक गोष्ट छान समजावून दिली. पोचा न पडण्याची ताकद पत्र्याच्या जाडीच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे जाडी एकावरून ०.७ वर आणली तर ताकद ०.७ वर येत नाही, जवळजवळ निम्म्यावर येते. ती भरून काढायला पोलादच दुप्पट कणखर घ्यावं लागतं. काही पोलादं तर अशी असतात, की गाडीचा रंग भट्टीत भाजला जातो त्या आचेनं ती आणखी कठीण होतात. कुंभाराच्या मडक्यासारखंच झालं! पण कणखर पोलाद घेतलं तरी ताठपणा वाढत नाही, तो सगळ्या पोलादांचा सारखाच. म्हणून नव्या गाडीच्या दारावर तळवा दाबला की पत्रा आत जातो आणि टक्कन बाहेर येतो. पोचा पडत नाही, पण आपला विश्वास मात्र उडतो.

शिवाय आकाराचा प्रश्न आहे. गोलाई असलेला, पन्हळी असलेला पत्रा पोच्याला दाद देत नाही. घागर घ्या आणि ताट घ्या, दोन्ही सारख्याच जाडीच्या पत्र्याची असली तरी ताट आधी चेपतं. आजच्या पिकअपच्या बाजू म्हणजे मोठमोठी सपाट ताटंच आहेत.

आता दिरांच्या बैलाकडे येते. जुनी गाडी जाड होती म्हणून मजबूत होती, हा समज मला अजिबात मान्य नाही. अमेरिकेत रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी विमा कंपन्यांनी चालवलेली एक संस्था आहे. तिनं २००९ साली पन्नास वर्षं पूर्ण झाली म्हणून १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू एकमेकींवर समोरासमोर आदळवल्या. त्या पिकअप नव्हत्या, पण मुद्दा तोच. जुन्या गाडीत माणसाची बसायची जागाच चेपली गेली. आत खरा चालक असता तर वाचला नसता. नव्या गाडीचं नाक पार गेलं, पण आतल्या पुतळ्याला पायाच्या दुखापतीपलीकडे मोठं काही झालं नाही. जीव वाचवतो तो आतला सांगाडा, बाहेरचा पत्रा नव्हे. सांगाड्यात आज पूर्वीपेक्षा कितीतरी कणखर पोलाद असतं. बाहेरचा पत्रा म्हणजे अंगावरचं लुगडं. लुगडं जाड म्हणून कोणी बाई बळकट होत नाही.

तेव्हा पातळ पत्र्यावर माझा राग नाही. माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. पोचा पडणं सोपं केलं, ते एक वेळ ठीक. पण पोचा काढणं इतकं महाग का केलं?

आपल्याकडची माल वाहणारी पिकअप पाहा. हौद्याच्या बाजू पन्हळी पत्र्याच्या, बिजागरीवर खाली पडणारे फाळके. कांद्याच्या गोणीचा, क्रेटचा धक्का बसला तर गॅरेजवाला आतून ठोकून सरळ करतो, आणि अगदीच गेला तर तेवढा फाळका बदलतो. तिकडच्या पिकअपच्या हौद्याची बाहेरची बाजू म्हणजे केबिनपासून मागच्या दिव्यापर्यंत एक अखंड गुळगुळीत पत्रा. तो आतल्या भागाला कायमचा जोडलेला, कुठे वेल्डिंगनं, कुठे रिबेट आणि चिकटद्रव्यानं. पोचा हातभर, पण प्रश्न सगळ्या बाजूचा. वर रंग असा, की नुसता तेवढा भाग रंगवला तर डाग दिसतो, म्हणून शेजारच्या पत्र्यापर्यंत रंग मिसळत न्यायचा. अ‍ॅल्युमिनियम असेल तर त्याला वेगळी हत्यारं, वेगळी जागा. लोखंडाची धूळ त्यात बसली तर पुढे गंज धरतो. जावयांच्या दाराचा आकडा ऐकून मी मनातल्या मनात त्याचे रुपये केले आणि पाणी प्यायले.

जावयांचं एक वेळ ठीक आहे, त्यांना परवडतं. लेकीच्या कॉलनीत गवत कापायला एक मेक्सिकन गृहस्थ येत असत. हौद्यात यंत्रं, फावडी, घमेली. गाडी कर्जावर घेतलेली. एका वसंतात गारांचा पाऊस झाला. तिकडच्या गारा कधी लिंबाएवढ्या, कधी क्रिकेटच्या चेंडूएवढ्या. त्यांच्या गाडीचं टप, बॉनेट, बाजू देवीचे व्रण असावेत तशा झाल्या. इंजिन ठणठणीत, चाकं शाबूत, हौद्यात माल पूर्वीइतकाच मावत होता. पण विमा कंपनीनं हिशेब मांडला: दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त, सबब गाडी निकालात. आलेले पैसे आधी कर्जात गेले. उरले त्यात दुसरी गाडी येईना. पुढचे दोन महिने ते दुसऱ्याच्या हाताखाली रोजावर काम करत होते.

मला यातलं सांगायचं आहे ते एवढंच, की काम करू शकणारी गाडी केवळ कातडीला व्रण पडले म्हणून मेली असं ठरवलं गेलं. हे माणसांच्या बाबतीतही आपण करतो, पण तो वेगळा विषय. असो.

मग उपाय काय? टेस्लानं पत्राच जाड केला. २०२३ च्या शेवटी बाहेर पडलेला सायबरट्रक जाड स्टेनलेस स्टीलचा, रंगाशिवायचा. हाताच्या धक्क्यानं त्याला पोचा पडत नाही हे खरं. पण मार्च २०२५ मध्ये सुमारे ४६ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण छताच्या कडेची चिकटवलेली स्टीलची पट्टी सुटून रस्त्यावर पडण्याची भीती होती. गाडी चिलखत घालून फिरली म्हणून प्रश्न सुटत नाही.

मला दुसराच माणूस आशादायक वाटतो. तिकडे रंग न उडवता पोचे काढणारे कारागीर असतात. गारपीट जिथे होईल तिथे ते गावोगाव जातात. पत्र्याच्या मागून लांब सळई घालायची, समोर पट्ट्यापट्ट्यांचा दिवा ठेवायचा, आणि पत्र्यात दिसणाऱ्या त्याच्या प्रतिबिंबाकडे बघत राईराईएवढा दाब देत पोचा वर आणायचा. मी तासभर खुर्ची टाकून बघत बसले होते. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम चालतं, तीच एकाग्रता. आपला तांबट तर ठोक्याठोक्यानं तांबं कठीण करतो. म्हणजे आपल्या घागरीची ताकद त्या हजारो छोट्या पोच्यांमधूनच येते! मात्र या अमेरिकन कारागिराचाही हात जिथे मागून पोचत नाही, जिथे रंग फुटला आहे, तिथे त्याचं काही चालत नाही.

म्हणून माझं मागणं जाड पत्र्याचं नाही. बाजूचा पत्रा तुकड्यातुकड्यांचा करा, बोल्टांनी बसवा, त्याच्या मागे हात जाईल एवढी वाट ठेवा. थोड्या पन्हळी पाडा, दिसायला जरा कमी देखणं झालं तरी चालेल. दाराच्या खालच्या कडेला आणि चाकाभोवती साधं, न रंगवलेलं प्लॅस्टिक लावा. काही गाड्यांना असतंही. हे करायला कुठल्याही नव्या शोधाची गरज नाही. कामाची गाडी कामाची म्हणून बनवायची, एवढाच निश्चय लागतो.

अर्थात कंपन्या म्हणतील, गिऱ्हाइकालाच गुळगुळीत गाडी हवी असते. तेही खोटं नाही. ज्या घरात एकही करपलेलं पातेलं नाही त्या घरात स्वयंपाक होतो की नाही, अशी मला शंका येते. पिकअपचंही तसंच. माल वाहिल्याची एकही खूण नसलेली पिकअप अभिमानानं मिरवायची, आणि खूण पडली की शरमायचं, हे काही मला पटत नाही. जावयांना मी म्हटलं, दाराला गंज धरत नसेल तर राहू द्या तो पोचा. ते हसले, पण दुरुस्तीला अजून टाकलेली नाही. दिरांना अर्थातच यातलं काही पटलेलं नाही. त्यांचा बैल अजून लंगडतोच आहे.