इंग्रजीतून जपानी गाणी

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याने सहज विचारलं, "मावशी, आपल्या मराठी गाण्यांची ओळख करून देणारा एखादा कार्यक्रम इंग्रजीत का नाही?" पंधरा वर्षांपूर्वी विचारलं असतं तर फाडकन उत्तर दिलं असतं. यावेळी गप्प बसले. कारण मला 'जे-मेलो' आठवलं.

2010 साली आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त जपानात, कावासाकीला होते. आम्ही दोघं तीन महिने त्यांच्याकडे राहिलो. दिवसभर घरात करायचं काय? टीव्हीवरचं अक्षर कळेना. मग चिरंजीव संगणकावर एनएचके वर्ल्ड लावून कामावर जायचे. एनएचके म्हणजे त्यांची सरकारी नव्हे, पण सार्वजनिक प्रसारण संस्था, आणि 'वर्ल्ड' ही तिची परदेशी लोकांसाठीची वाहिनी. तिथे हा 'जे-मेलो' लागायचा. 2005 च्या ऑक्टोबरात सुरू झालेला, आठवड्यातून एकदा, जेमतेम अर्धा तास. जपानी संगीत, पण निवेदन सगळं इंग्रजीत.

मी मनात म्हटलं, घ्या! म्हणजे यांनाही तोच रोग! ज्यांनी वैद्यकी आणि इंजिनिअरिंगसुद्धा आपल्या भाषेत शिकवून दाखवलं, त्या लोकांनी स्वतःची गाणी इंग्रजीच्या कुबड्या घेऊन जगासमोर न्यावीत? आयुष्यभर मराठी शिकवलेल्या बाईला हे झोंबणारच. ह्यांनी सांगितलं, आधी बघ तरी.

बघू लागले. निवेदिका मे जे. नावाची तरुण गायिका. 2008 पासून ती हा कार्यक्रम करत होती. वडील जपानी, आई इराणी. इंग्रजी अगदी सफाईदार. पण गंमत अशी की पाहुणे कलाकार बहुतेक वेळा आपल्या जपानीतच बोलायचे आणि गायचे तर जपानीतच. आज रॉकवाली पोरं, उद्या अ‍ॅनिमेची गाणी, मधेच कुणी पारंपरिक वाद्य वाजवणारा. इंग्रजीचं काम फक्त दारात उभं राहून "या, बसा" म्हणण्याचं. आत मैफल घरच्या भाषेतच! हे लक्षात यायला मला चार-पाच भाग लागले. मग माझा राग थोडा निवळला.

पूर्ण निवळला तो एका गाण्यामुळे. कावासाकीच्या केइक्यू स्टेशनवर गाडी यायच्या वेळी एक धून वाजते. गोड, शीळ घालावीशी वाटणारी. मला वाटलं जाहिरातीची असेल. चिरंजीवांनी सांगितलं, हे क्यू साकामोतोचं गाणं, तो या कावासाकीचाच. 'उए ओ मुइते आरुको', म्हणजे साधारण 'वर बघत चालू या'. वर का बघायचं, तर डोळ्यांतलं पाणी खाली सांडू नये म्हणून. रोकुसुके एई यांचे शब्द, हाचिदाई नाकामुरा यांची चाल, साल 1961. अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध 1960 मध्ये जपानात प्रचंड आंदोलन झालं आणि तरीही करार झालाच. त्या हताशेतून एईंना हे शब्द सुचले असं सांगतात.

आता पुढची कथा ऐका. इंग्लंडमधल्या केनी बॉल नावाच्या वादकाने या चालीची नुसती वाद्यांवरची तबकडी काढली. जपानी नाव आपल्या लोकांना उच्चारता येणार नाही म्हणून तिथल्या कंपनीने नाव दिलं 'सुकियाकी'. सुकियाकी म्हणजे काय? तर सोया सॉस आणि साखर घालून पसरट भांड्यात शिजवलेलं मांस! मग अमेरिकेत साकामोतोची मूळ तबकडी विकायला आली तीही याच नावाने. आणि 1963 च्या जूनमध्ये ती बिलबोर्डच्या यादीत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. जपानी भाषेतलं दुसरं कुठलंही गाणं अजून तरी तिथवर पोचलेलं नाही. म्हणजे अमेरिकेवरच्या चिडीतून निघालेलं गाणं अमेरिकेनेच डोक्यावर घेतलं, तेही एका जेवणाच्या पदार्थाच्या नावाने. एखाद्या विरहगीताला 'झुणका-भाकर' नाव देऊन विकण्यासारखं झालं हे. (झुणक्याबद्दल माझी काही तक्रार नाही.)

बिचारा साकामोतो 1985 च्या त्या भयंकर जपान एअरलाइन्स अपघातात गेला. त्याच्या गाण्याला बाहेर अजून लोक सुकियाकीच म्हणतात.

माझं मत बदललं ते इथे. आपण आपल्या गाण्याची ओळख करून दिली नाही, तर दुसरा कुणीतरी करून देतो आणि त्याला वाटेल ते नाव ठेवतो. 'जे-मेलो'त निदान नाव सांगणारे, अर्थ सांगणारे घरचेच होते. दारात उभा राहून "या" म्हणणारा माणूस आपला असला पाहिजे, मग तो कुठल्या का भाषेत म्हणेना.

अर्थात माझ्या म्हणण्याला छेद देणारी उदाहरणंही आहेत. मायुमी इत्सुवा या गायिकेचं 'कोकोरो नो तोमो' म्हणजे 'मनाचा सोबती' हे गाणं इंडोनेशियात इतकं लोकप्रिय झालं की जपानीचा एक शब्द न कळणारी माणसंही ते म्हणतात. तिथे कुणी इंग्रजीत समजावून सांगायला गेलं नव्हतं. चाल गेली आणि मागून शब्द गेले. असंही होतं! पण ते नशिबावर सोडावं का, हा प्रश्न उरतोच.

आणि एक गोष्ट मला अजिबात पटत नाही, ती म्हणजे गाणंच इंग्रजीत करणं. योआसोबी नावाची हल्लीची जोडी आहे. 2023 मध्ये त्यांचं 'आयडॉल' अमेरिका वगळून उरलेल्या जगाच्या बिलबोर्ड यादीत पहिलं आलं. ते आपल्या गाण्यांच्या इंग्रजी आवृत्त्याही काढतात. त्यातली करामत अशी की इंग्रजी शब्द मूळ जपानी शब्दांसारखेच ऐकू येतील असे निवडलेले असतात. शिक्षिका म्हणून मी त्या मेहनतीला पैकीच्या पैकी गुण देईन. पण दोन्ही आवृत्त्या ऐकल्यावर मी परत परत ऐकते ती जपानीच. नुसती कसरत किती वेळा बघायची?

उलट मे जे.चीच गोष्ट घ्या. 2014 मध्ये 'फ्रोझन' हा अमेरिकी चित्रपट जपानात आला तेव्हा त्यातलं गाजलेलं गाणं शेवटच्या श्रेयनामावलीत तिने म्हटलं. जपानीत. शब्दशः भाषांतर न करता त्यांनी त्याला 'आहे तशीच' असा अर्थ दिला आणि सगळ्या देशाने ते गुणगुणलं. परदेशाला इंग्रजीत "या" म्हणणारी हीच मुलगी परक्याचं गाणं मात्र आपल्या भाषेत म्हणते!

असो. हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं नाही, कारण खरं कारण वेगळंच होतं. चिरंजीव आता कॅनडात असतात. नात तिथेच जन्मली, तेरा वर्षांची आहे, मराठी समजतं तेवढंच. माझी आई जात्यावर म्हणायची त्या ओव्या मला येतात. दोन-तीनदा ती म्हणाली, "आजी, अर्थ सांग ना, इंग्लिशमध्ये." आणि दोन-तीनदा मी म्हटलं, "आधी मराठी शीक, मग आपोआप कळेल." शेवटच्या वेळी असं म्हटल्यावर तिने पुन्हा विचारलं नाही. त्याला वर्ष होऊन गेलं. साकामोतोच्या गाण्याला भलतं नाव देणाऱ्यांवर मी एवढी चिडते, आणि इथे दार मीच लावून बसले होते.

म्हणून गेल्या रविवारी मीच विषय काढला. एक ओवी घेतली आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सुरुवात केली. दुसऱ्याच शब्दाला अडले. 'माहेर'. आईचं घर म्हटलं तर ती म्हणाली, "म्हणजे माझं हेच घर?" मग लग्न, सासर, बैलगाडी, दिवाळीला न्यायला येणारा भाऊ, सगळं सांगत बसले. पंधरा मिनिटं गेली आणि तिची क्लासची वेळ झाली.

ओवी म्हणायची राहूनच गेली. या रविवारी पुन्हा फोन आहे.