मदरबोर्ड गेलाय साहेब!

गेले तीन शनिवार इथे काही लिहिलं नाही, त्याचं कारण आज सांगतो. आणि सांगता सांगता थोडं भांडणारही आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

तर झालं असं की आईचा लॅपटॉप बंद पडला. आई साताऱ्याला असते. शाळेतून रिटायर झाल्यावर तिने मोडी शिकून घेतली आणि माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेल्या तिच्या आजोबांच्या रोजकीर्दी वाचायला काढल्या. आजोबांचं किराण्याचं दुकान होतं. १९३१ ते १९४६ असा सगळा हिशोब त्यात आहे. कुणाकडे गूळ उधार, कुणाच्या लग्नाला किती साखर गेली, लढाईच्या दिवसांत रॉकेल कधी मिळेनासं झालं, सगळं. गेली तीन वर्षं ती रोज दुपारी दोन तास बसून हे देवनागरीत टाइप करतेय. चारशेच्या वर पानं झाली होती.

बॅकअप? ऑफिसात डिझास्टर रिकव्हरीवर प्रेझेंटेशन देणाऱ्या तिच्या चिरंजीवांनी "दिवाळीला आलो की करून देतो" असं सांगितल्याला दोन दिवाळ्या झाल्या होत्या. हसा, हसा.

फोनवर आई म्हणाली, "अरे, बटण दाबलं की दिवा लागतो, पंख्याचा आवाज येतो, पण पडदा काळाच." हे वाक्य लक्षात ठेवा, कारण अख्खं निदान त्यात होतं. चौदा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घालवलेल्या मी त्यावर काय विचारावं? "रीस्टार्ट करून बघितलंस का?"

असो. लॅपटॉप पुण्याला आणला आणि कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेला. (कुठली कंपनी ते विचारू नका, सगळ्यांची तऱ्हा सारखीच.) एसी, सोफा, टोकन नंबर, आणि तपासणीचे पाचशे रुपये आगाऊ. दोन दिवसांनी फोन आला. "मदरबोर्ड गेलाय साहेब. ३८,५०० होतील, जीएसटी वेगळा. डेटाची गॅरंटी नाही. त्यापेक्षा सर, एक्स्चेंजमध्ये नवीनच घ्या ना."

"मदरबोर्डमध्ये काय गेलंय?"

"सर, मदरबोर्डच गेलाय."

आता हेच संभाषण आपल्या ऑफिसात करून बघा. क्लायंटने सांगितलं की लॉगिनच्या पानावर बटण दिसत नाहीये. तुम्ही दोन दिवस घेतलेत आणि उत्तर दिलंत, "डेटा सेंटर गेलंय साहेब, नवीन बांधावं लागेल." मॅनेजर तुम्हाला लिफ्टपर्यंत पोचवायलाही येणार नाही. आपण लॉग बघतो, अर्धा कोड बाजूला काढून बघतो, बिघाड या अर्ध्यात की त्या अर्ध्यात ते शोधतो, पुन्हा त्याचे दोन भाग करतो. याचाच पगार मिळतो आपल्याला. आणि तीच माणसं स्वतःच्या घरचं यंत्र बंद पडलं की काउंटरवरच्या पोराचं एक वाक्य ऐकून खिशातून कार्ड काढतात! मीसुद्धा काढलंच होतं. नवा लॅपटॉप कार्टमध्ये टाकलेला होता, नो कॉस्ट ईएमआय वगैरे बघून झालं होतं. आईला कळवायला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, "पण त्यात नेमकं बिघडलंय काय, ते विचारलंस का? तू इंजिनिअर ना रे?"

लागलं ते. म्हणून शनिवारी तपकीर गल्ली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : बुधवार पेठेतली ही गल्ली म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं तीर्थक्षेत्र. मुंबईकरांचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीवाल्यांचं नेहरू प्लेस, तसं. पार्किंग मिळालं तर त्या दिवशी लॉटरीचं तिकीट काढावं. तिथल्या एका जिन्याखालच्या दुकानात एक काका बसतात. एक मायक्रोस्कोप, एक हॉट एअर गन, दोन मल्टिमीटर आणि रेडिओ. काकांनी बटण दाबलं, अर्धा मिनिट थांबले आणि कॅप्स लॉक दाबलं. कीबोर्डवरचा बारका दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. "मशीन जिवंत आहे," काका म्हणाले. मग त्यांनी दुकानातली ट्यूब बंद केली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि पडद्यावर तिरका धरला.

अंगणातल्या तुळशीचा फोटो दिसला. आणि त्यावर आईचं नाव. अगदी पुसट, धुक्यातून दिसावं तसं. पण होतं.

मंडळी, एलसीडीचा पडदा स्वतः उजेड देत नाही. चित्र पडद्यावर तयार होतं आणि त्यामागे एलईडीची पट्टी असते, ती उजेड पाडते. ही पट्टी विझली की चित्र जागेवर असतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. पट्टीला वीज जाते बोर्डावरून, एका फ्यूजमधून, आणि तो फ्यूज असतो मोहरीच्या दाण्याएवढा. बिजागरीपाशी पडद्याची केबल रोज उघडझाक होऊन घासली जाते, आतली तार उघडी पडते, शॉर्ट होतं आणि फ्यूज उडतो. काकांनी मशीन उघडून दाखवलंच : केबलचं साल बिजागरीपाशी गेलेलं, आणि मीटरची दोन टोकं फ्यूजला लावली तर मीटर गप्प.

पण त्यांनी ते आधी उघडलं नाही. आधी दुकानातला जुना मॉनिटर एचडीएमआयने जोडला. त्यावर सगळं झक्क दिसत होतं. आईला फोन करून पिन विचारला. काका म्हणाले, "काय हवंय ते पेन ड्राइव्हवर घ्या पहिलं. मग स्क्रू ड्रायव्हर." चारशे बारा पानं. मी मोजली. दोनदा.

नवी केबल ८५०, मजुरी ५५०. एकूण १४००. फ्यूजचे किती, असं विचारलं तर काका हसले आणि रेडिओचा आवाज वाढवला.

आता गंमत बघा. सर्व्हिस सेंटरवाला खोटं बोलला का? तर नाही! फ्यूज मदरबोर्डवरच होता. म्हणजे "मदरबोर्ड गेलाय" हे अक्षरशः खरं. घरातला एक फ्यूज उडाला तर "घर गेलं" म्हणणं जितकं खरं, तितकं.

त्या पोरावर माझा राग नाही. त्याच्या हातात ना बोर्डाचा नकाशा दिलाय, ना सोल्डरिंग आयर्न. त्याचं काम म्हणजे भाग काढा, भाग लावा, तिकीट बंद करा, आणि दिवसाला किती तिकिटं बंद झाली त्यावर त्याची रेटिंग. ओळखीचं वाटतंय ना? आपणच बनवतो असल्या सिस्टिम्स. माझा राग आहे तो "बोर्ड दुरुस्त होत नाही" हे निसर्गनियमासारखं सांगणाऱ्या कंपन्यांवर. नकाशे त्यांच्याकडेच असतात आणि ते बाहेरच्याला देत नाहीत. रॅम बोर्डावर डकवायची, बॅटरी गोंदाने चिकटवायची, आणि मग म्हणायचं की ग्राहकालाच पातळ मशीन हवं असतं. आणि राग आहे तो आपल्यावर, कारण आपण हे निमूट ऐकून घेतो.

ऑफिसात हे सांगितलं तर एक मित्र म्हणाला, "तुझ्या एका तासाचा रेट काय? अख्खा शनिवार घालवलास. नवीन घेतला असतास तर स्वस्त पडलं असतं." हा हिशोब मला आयटीत येईपर्यंत माहीत नव्हता. शनिवारी मी काय कमावणार होतो, सांगा? वेब सीरिजचे पाच एपिसोड. आणि चारशे पानांचा रेट कुठल्या रेट कार्डावर आहे? शिवाय "डेटाची गॅरंटी नाही" याचा आजचा अर्थ पूर्वीपेक्षा वाईट आहे. विंडोज ११ च्या बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि तिची किल्ली बोर्डावरच्या सुरक्षा चिपशी बांधलेली असते. बोर्ड बदललात की यंत्र रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडली तर ठीक, नाहीतर तुमचीच फाइल तुमच्यासाठीच बंद. चाळीस हजार भरून!

दुसरी बाजू आहे, आणि ती सांगायलाच हवी. बोर्ड खरोखरही जातात. २००८ च्या जुलैमध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की त्यांच्या लॅपटॉपमधल्या काही ग्राफिक्स चिप्स पॅकेजिंगच्या दोषामुळे नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात निकामी होतायत, आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली. त्या काळात लोक बोर्ड ओव्हनमध्ये भाजून काढायचे. चित्र यायचं, काही दिवसांनी पुन्हा जायचं. तिथे काकाही हात टेकतात. आणि गल्लीतले सगळेच काका संत नाहीत. चांगली रॅम काढून जुनी घालणारे महाभागही आहेत, तेव्हा समोर बसून काम करून घ्या. वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीकडेच जा, आणि बॅटरी फुगलेली दिसली तर कुणीही, अगदी कुणीही, घरी शूरपणा करू नका.

पण त्याआधी पाच मिनिटं स्वतः बघा ना राव. "चालू होत नाही" आणि "दिसत नाही" हे दोन वेगळे आजार आहेत. दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही, तर वीज शोधा. सॉकेट बदला, दुसरा अडॅप्टर आणा. गोल पिनेचा असेल तर मीटरवर १९ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. टाइप-सी असेल तर मीटरने कळणार नाही, तेवढ्याच वॉटचा दुसरा चार्जर लावून बघा (फोनचा चालेलच असं नाही). मग अडॅप्टर काढून, बॅटरी निघत असेल तर तीही काढून, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा आणि फक्त अडॅप्टरवर सुरू करा. हा टोटका वाटतो, पण आत अडकून राहिलेला चार्ज जातो आणि बरीच मशीन्स उठून बसतात. पंखा फिरतोय पण पडदा काळा, तर कॅप्स लॉक. दिवा दाद देत असेल तर मशीन चाललंय, बाहेरचा मॉनिटर जोडा, टॉर्च मारा. दाद देत नसेल तर बहुतेक ते सुरूच होत नाहीये. रॅम सुटी असेल तर काढून नीट बसवा. दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल किंवा बीप येत असेल तर ते मोजा, त्याचा अर्थ मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. बिघाड कुठल्या अर्ध्यात आहे एवढं कळलं की काउंटरवर तुम्ही गिऱ्हाईक म्हणून उभे राहता, बकरा म्हणून नाही.

सरकारी पातळीवरचं थोडक्यात. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्ती-निर्देशांक छापायला लावला, दहापैकी किती मार्क ते खोक्यापाशीच दिसतात. आपल्याकडे २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू झालं. पोर्टल चांगलं आहे. पण पोर्टलवर माहिती टाकणं वेगळं आणि जिन्याखालच्या काकांना बोर्डाचा नकाशा मिळण्याचा हक्क असणं वेगळं. तो नकाशा आजही ते कुठूनतरी, कुणाकडूनतरी मिळवतात. चोरासारखा. दुरुस्त करणाऱ्याने चोरासारखं का वागायचं, याचं उत्तर मला कुणी कंपनीवाल्याने द्यावं. कमेंटमध्ये द्या, मेल करा, काहीही.

लॅपटॉप गेल्या रविवारी साताऱ्याला पोचवला. सोबत एक बाहेरची हार्ड डिस्क नेली, रोज रात्री आपोआप कॉपी होईल असं लावून दिलं आणि आईकडून दोनदा करून घेतलं. सगळी कथा तिने शांतपणे ऐकली. रोजकीर्द लिहिणाऱ्याची नात ती. विचारलंन, "आणि ते तपासणीचे पाचशे?"

ते मागायचे राहिलेत. पावती सापडलीये, सोमवारी जातोय.