गोळी थांबवणार कोण?

चेन्नईच्या टी. नगरमधील पाँडी बाजारात मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांनी फेब्रुवारी 2025 मध्ये ‘मुदलवर मरुंदगम’ योजनेचा प्रारंभ केला. राज्यभरात एकाच वेळी एक हजार औषध दुकाने उघडली. जेनेरिक औषधे तिथे 75 टक्क्यांपर्यंत स्वस्त मिळू लागली. पेन्शनवर दिवस काढणाऱ्यांना याचा आधार आहे, म्हणून निर्णयाचे स्वागतच. पण वृद्धाच्या डब्यातील जी गोळी त्याला नकोच आहे, ती स्वस्त होऊन कोणाचे भले होणार? ती थांबवणार कोण?

रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू होते. पाय सुजतात. सूज त्याच गोळीची आहे हे न पाहता लघवीची गोळी दिली जाते. मग सोडियम-पोटॅशियम घसरते, चक्कर येते आणि चक्करेवर आणखी एक गोळी येते. गुडघ्यासाठी घेतलेले डायक्लोफिनॅक रक्तदाब वाढवते, मूत्रपिंडालाही इजा करते. काही आठवड्यांसाठी दिलेली पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षे चालू राहते. झोपेसाठी अल्प्राझोलाम घेणारी आजी रात्री उठताना पडते आणि खुबा मोडून घेते. हृदयाचे, मधुमेहाचे, हाडांचे डॉक्टर वेगळे, त्यांच्या चिठ्ठ्याही वेगळ्या. त्या सगळ्या एकत्र वाचणारा कोणीच नाही. पन्नाशीत सोसलेला डोस ऐंशीत थकलेल्या मूत्रपिंडाला सोसत नाही, हे तरी कोण पाहतो?

हे ज्ञान नवे नाही. वृद्धांना टाळावयाच्या औषधांची ‘बीअर्स’ यादी 1991 साली अमेरिकेत तयार झाली; 2023 मध्ये ती पुन्हा सुधारली गेली. इंग्लंडमधील सरकारी आढाव्याने 2021 मध्ये स्पष्ट सांगितले की, रुग्णालयांबाहेर दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी किमान 10 टक्के अनावश्यक असतात. चेन्नईने तर यात देशाला वाट दाखवली: सरकारी जनरल हॉस्पिटलमध्ये 1978 साली वृद्धरोग विभाग निघाला, मद्रास मेडिकल कॉलेजात 1996 मध्ये या विषयाचा एमडी अभ्यासक्रम आला, 2024 मध्ये गिंडीत राष्ट्रीय वृद्धत्व केंद्र उभे राहिले. इतके असूनही गोळ्या थांबवण्याची जबाबदारी कोणाचीच नसेल, तर तो ज्ञानाचा नव्हे, इच्छेचा दुष्काळ आहे.

दिल्लीचाही दोष मोठा आहे. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला आयुष्मान कार्ड काढता येते, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच कामी येते. पडून हाड मोडले की सरकार पैसे देणार. ज्या गोळीने पाडले ती वेळीच बंद करायला अर्धा तास बसणाऱ्या डॉक्टरसाठी त्यात तरतूद नाही. 2016 मध्ये 344 आणि ऑगस्ट 2024 मध्ये 156 मिश्र औषधांवर केंद्राला बंदी घालावी लागली. ती इतकी वर्षे बाजारात होतीच कशी? आणि महाराष्ट्राने चेन्नईकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. मुंबई-पुण्यातील वृद्धांच्या औषधांच्या पिशव्याही तितक्याच फुगलेल्या आहेत.

अशा चर्चेने रुग्ण आवश्यक औषधेही सोडतील, असा एक आक्षेप घेतला जातो. भीती खोटी नाही. बीटा-ब्लॉकर किंवा झोपेची गोळी एकदम बंद करणे धोक्याचेच आहे. कोणीही स्वतःच्या मनाने काही थांबवू नये. म्हणून तर हे काम डॉक्टरांनी अंगावर घ्यायला हवे.

तमिळनाडूचे आरोग्यसेवक 2021 पासून घरोघरी रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या पोहोचवत आहेत. त्याच फेरीत घरातील सगळ्या औषधांची यादी करा आणि ती वर्षातून दोनदा एका डॉक्टरसमोर ठेवा. नव्या दुकानांतील फार्मासिस्टला रुग्णाशी बोलण्याचे काम 2015 च्या फार्मसी व्यवसायाच्या नियमांनीच दिले आहे. ते करून घ्या. औषध कशासाठी आणि कधीपर्यंत, हे प्रत्येक चिठ्ठीवर लिहिणे सक्तीचे करा. महाराष्ट्र सरकारनेही यासाठी दुसऱ्या राज्याची वाट पाहू नये. गोळी लिहिणाऱ्याला सही करावी लागते. ती चालू ठेवणाऱ्यालाही दर सहा महिन्यांनी सही करायला लावा.