एक आकडा चुकला, मग पुढं काय?

विमानाचा काही घोटाळा झाल्याची बातमी आली की आपल्या व्हॉट्सअप ग्रुपवर दोन तासात निकाल लागतो. पायलटची चूक! 12 जून 2025 ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं तेव्हाही तेच झालं. चौकशीवाले अजून मलबा बघत होते आणि इकडं पारावर बसून कॉकपिटमधलं कोणतं बटण कुणी दाबलं हे सांगणारे तज्ज्ञ तयार झाले होते. त्या अपघातावर मी बोलणार नाही, ते काम चौकशीचं आहे. पण पायलटनं विमानाच्या कॉम्प्युटरमध्ये चुकीचा आकडा नाहीतर चुकीचं अक्षर टाकलं, अशा प्रकारच्या कितीतरी चौकश्या जगात पूर्ण झाल्यात. त्या वाचल्या की "पायलटची चूक" एवढ्यावर थांबता येत नाही. पोस्ट लांबणार आहे, पण मंडळी, वाचाच.

आधी हे यंत्र काय आहे ते सांगतो. दोन पायलटच्या मधे छोटा स्क्रीन आणि खाली बटणं, दिसायला जुन्या मोठ्या कॅल्क्युलेटरसारखं. उडायच्या आधी त्यात विमान आत्ता कुठं उभं आहे, कुठून कुठं जायचंय, वजन किती, वारा किती हे सगळं भरायचं. मग ऑटोपायलट त्याच्या हिशोबानं विमान नेतो. पण हा कॉम्प्युटर म्हणजे अस्सल सांगकाम्या. जे सांगाल ते करणार.

10 मार्च 2015. सिडनीहून क्वालालंपूरला जाणारं एअरएशिया एक्सचं विमान. कॅप्टननं विमान उभं असल्याची जागा हातानं भरली. रेखांश भरायचा होता 15109.8 आणि भरला गेला 01519.8. बघा नीट, एक शून्य पुढं येऊन बसला आणि आकडे सरकले. झालं काय, तर विमान उभं सिडनीत आणि कॉम्प्युटरच्या मते ते अकरा हजार किलोमीटरवर, आफ्रिकेच्या बाजूला. कॉम्प्युटरनं कुरकुर केली, इशारे आले, पण दोघांनाही त्याचा अर्थ लागला नाही. उडाल्यावर उजवीकडं वळायच्या ऐवजी विमान डावीकडं, शेजारच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या विमानांच्या वाटेकडं निघालं. हवेत दुरुस्ती करायला गेले तर आणखी बिघडलं. सिडनीत ढग होते म्हणून परत उतरता येईना. शेवटी क्वालालंपूरचे प्रवासी मेलबर्नला उतरले! कुणाला खरचटलं नाही, हे नशीब.

आता ऑस्ट्रेलियाच्या चौकशी खात्यानं काय केलं ते बघा. कॅप्टन बेजबाबदार म्हणून फाईल बंद केली नाही. त्यांनी विचारलं, हा आकडा त्या दिवशी कॅप्टनच का भरत होता? तर विमानाभोवती फिरून तपासणी करायचं काम एरवी त्याचं असायचं, पण त्याच्या कानाचं संरक्षण जागेवर नव्हतं म्हणून कामाची अदलाबदल झाली. पुढं विचारलं, एवढी मोठी चूक यंत्रानं घेतलीच कशी? तर ही जागा आपोआप भरून घेणारी सुधारित प्रणाली बाजारात होती, ती या विमानात बसवलेली नव्हती. कानावर लावायच्या वस्तूपासून कंपनीच्या खर्चाच्या निर्णयापर्यंत माग काढला. मला तर ही चौकशी वाचताना आपल्याकडचे पंचनामे आठवले आणि नको ते आठवलं असं झालं.

प्रत्येक वेळी नशीब साथ देत नाही. 20 डिसेंबर 1995 ला अमेरिकन एअरलाइन्सचं विमान मायामीहून कोलंबियातल्या काली शहराला निघालं. आधीच दोन तास उशीर. काली जवळ आल्यावर कंट्रोलरनं सरळ येऊन उतरायची मुभा दिली, यांनी घाईत हो म्हणलं. नकाशावर रोझो नावाच्या रेडिओ केंद्राची खूण एकच अक्षर होती, 'आर'. पायलटनं 'आर' दाबला. कॉम्प्युटरमध्ये मात्र 'आर' म्हणजे रोमिओ, दोनशेहून जास्त किलोमीटर लांब, बोगोटाजवळचं. रोझो हवं असेल तर पूर्ण नाव टाकावं लागायचं. सांगकाम्यानं अंधारात विमान बोगोटाकडं वळवलं आणि मधे डोंगर. 163 पैकी चार जण वाचले.

पायलट चुकले का? चुकले. यादीत वर आलेलं नाव न तपासता घेतलं, दुसऱ्यानं पडताळलं नाही. पण नकाशात एक आणि मशीनमध्ये दुसरंच, हे कुणी केलं? पुढं 2000 साली मायामीच्या ज्युरीनं दोषाची वाटणीच करून दिली. 75 टक्के विमान कंपनी, 17 टक्के नकाशे आणि माहिती पुरवणारी जेपसन, 8 टक्के कॉम्प्युटर बनवणारी हनीवेल. टक्केवारी बरोबर की चूक यावर वाद घाला, पण ज्यानं फॉर्म बनवला त्यालाही जाब विचारता येतो, हे कोर्टात ठरलं. आपल्याकडं फॉर्म बनवणाऱ्याला कधी कुणी काही विचारल्याचं ऐकलंय का?

आपल्या घरचं उदाहरण पण आहे. 14 फेब्रुवारी 1990, मुंबईहून बंगळूरला गेलेलं इंडियन एअरलाइन्सचं 605. एअरबस ए-320 आपल्याकडं येऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. उतरताना मिनिटाला 700 फूट खाली ये असं सांगायचं होतं, ते 700 बहुधा शेजारच्या बटणावर, म्हणजे उंचीच्या खात्यात गेलं, अशी शक्यता चौकशीत पुढं आली. इंजिनं मंद पडत गेली आणि दोघांच्या लक्षात आलं तेव्हा वेळ उरली नव्हती. विमान धावपट्टीच्या अलीकडं गोल्फच्या मैदानात आदळलं. 146 पैकी 92 गेले. दोनच वर्षांनी, 20 जानेवारी 1992 ला, फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गजवळ त्याच जातीचं विमान डोंगरावर आदळलं, 87 मेले. तिथं 3.3 अंशाचा उतार द्यायचा होता आणि तो मिनिटाला 3300 फूट झाला असावा, असं चौकशीवाल्यांना वाटलं. स्क्रीनवर एक दिसायचं 3.3 आणि दुसरं 33. पुढं एअरबसनं तो आकडा पूर्ण चार अंकात दाखवायला सुरुवात केली. एवढं सोपं होतं ते! आधी का नाही सुचलं, हा प्रश्न मला अजून पडतो.

कुणी म्हणेल, हे सगळं कॉम्प्युटर आल्यामुळं. तसं नाही. 7 जुलै 1962 ला आपल्या जुन्नरच्या डोंगरात अलिटालिया कंपनीचं विमान आदळलं, 94 च्या 94 गेले. तेव्हा कुठला आलाय असला कॉम्प्युटर. आपण मुंबईच्या जवळ आलो असा हिशोब चुकला आणि लवकर खाली उतरायला लागले. माणूस तेव्हाही चुकायचा, आताही चुकतो. फरक इतकाच की आता चूक बटणावर होते, आणि ती पकडायची सोय मशीनमध्ये करता येते.

आणि माणूस चुकू नये म्हणून आणखी एक साधी गोष्ट लागते. झोप. रात्रीच्या लाईटीवर मोटर चालू करायला जाणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, पहाटे तीनला डोळ्यासमोर काय दिसतं. पायलटच्या आरामाचे नवे नियम डीजीसीएनं जानेवारी 2024 मध्ये जाहीर केले. आठवड्याची सलग सुट्टी 36 तासांवरून 48 तास, रात्रीची लँडिंग सहावरून दोन. कंपन्यांनी ओरड केली, नियम लांबले, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, मग जुलै आणि नोव्हेंबर 2025 अशा दोन टप्प्यात ते लागू झाले. डिसेंबरमध्ये इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं, एका दिवसात हजारावर विमानं रद्द. लोकांचे हाल झाले, राग येणं साहजिक. पण सरकारनं उपाय काय काढला? रात्रीच्या ड्युटीच्या नियमातून इंडिगोला 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट! जवळजवळ दोन वर्षं हातात असताना पायलट भरले नाहीत कंपनीनं, आणि झोप कमी होणार पायलटची. उद्या त्यातल्या एखाद्यानं पहाटे शून्य चुकीच्या जागी टाकला, तर ग्रुपवर निकाल काय लागेल ते आत्ताच लिहून ठेवा. माझं मत स्पष्ट आहे, ती सूट द्यायला नको होती. दंड कंपनीला करायचा, विमानं कमी करायला लावायची, आरामाला हात लावायचा नाही.

"भाऊ, आपल्याला हिंगोलीतून नांदेडला जायला बस मिळंना आणि तू विमानाचं काय सांगतो" असं म्हणणारे येतीलच. म्हणून शेवटचं सांगतो. आपली लेकरं पुणे-हैदराबादहून आखातात जातात तेव्हा त्याच विमानात बसतात, ते एक. आणि दुसरं, आकडा भरायचं काम आता फक्त कॉकपिटमध्ये राहिलं नाही. पीक विमा, अनुदान, फार्मर आयडी, सगळं कुणीतरी बटणं दाबून भरतं. समजा गट नंबर 112 चा 121 झाला. सोयाबीन गेलं पाण्यात, आणि अर्ज नामंजूर. मग सेतूवाला म्हणणार तुम्हीच चुकीचा सांगितला, कार्यालय म्हणणार ऑनलाइन आहे आमच्या हातात नाही, आणि माणूस सेनगावच्या चकरा मारणार. 'ध'चा 'मा' कुणी केला याच्यावर भांडण, दुरुस्ती मात्र कुणीच करत नाही.

कॉकपिटमध्ये एकानं भरलेलं दुसऱ्यानं मोठ्यानं वाचून पडताळायचं असतं. तेच आपल्याकडं करायला किती खर्च येतो? काउंटरवरचा स्क्रीन अर्जदाराकडं वळवा. 'सबमिट' दाबायच्या आधी गट नंबर, क्षेत्र आणि खात्याचे शेवटचे चार आकडे मोठ्यानं वाचून दाखवा. आणि गट नंबर टाकला की मालकाचं नाव त्याच जागी समोर दिसलं पाहिजे, जुळलं नाही तर अर्ज पुढं जाऊच नये. मी ही मागणी लिहून तहसीलदार साहेबांना देणार आहे. ज्यांचे अर्ज आकड्यामुळं अडकलेत त्यांनी नामंजूर झालेल्या अर्जाची प्रत घेऊन सोमवारी साखऱ्यात भेटा, सोबत जोडू.