युरियाची गोणी आणि श्रमाची किंमत

शेतीतून निघणाऱ्या नायट्रस ऑक्साइडचा हिशेब मांडला की चीन आणि भारत यांची नावे शेजारी-शेजारी येतात. शंभर वर्षांच्या मापाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापदायक आहे. परंतु नुसत्या बेरजांनी भागत नाही. चीनमध्ये दर हेक्टरी रासायनिक खत आपल्याहून कितीतरी अधिक पडते. मात्र २०२० पर्यंत खतवापराची वाढ थांबविण्याचे त्या सरकारने २०१५ मध्ये ठरविले व साधले. आपण त्याच वर्षी युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा केला. पण २०१० च्या अनुदान-सुधारणेतून युरिया वगळल्याने त्याचा असमतोल वापर चालूच राहिला.

रत्नागिरीच्या खाचरात फेकलेला युरिया काही पावसाबरोबर वाहतो, काही हवेत उडतो; त्यातलाच अल्प अंश नायट्रस ऑक्साइड होतो. शेतकऱ्याचा पैसाही त्याबरोबर जातो. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीने यावर उपाय दिला: गिरिपुष्पाचा पाला आणि चार चुडांच्या मध्ये चिखलात खोल खोचलेली युरिया-डीएपीची गोळी. पण खोचायला माणसे लागतात. मजुरी लहान शेतकऱ्याने सोसायची आणि अनुदान गोणीला, हा कोणता न्याय?

त्या अनुदानाचा काही हिस्सा या श्रमाकडे वळवावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगाव मांडली पाहिजे.